विषय क्रमांक सहा

सोसायटीचं दप्तर हाती आलं की लेखापरीक्षक आधी बँकेचं पासबुक बघतो, मग थकबाकीची यादी, आणि वेळ उरलाच तर इतिवृत्ताची वही. मी उलटं करतो. आकडे कुठे पळून जात नाहीत, माणसं मात्र इतिवृत्तातच सापडतात. 2023-24 च्या तपासणीत नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या 48 फ्लॅटच्या एका सोसायटीच्या वहीत लागोपाठ चार सभांमध्ये मला एकच मजकूर दिसला: ‘विषय क्र. 6. फ्लॅट नं. 302 बाबत चर्चा झाली. पुढील सभेत ठेवण्यात यावा.’ कोण काय बोललं, कोणाची हरकत होती, ती कशासाठी, याबद्दल एक शब्द नाही. त्याच वहीत पाण्याच्या टाकीच्या झाकणावर सव्वा पान खर्ची पडलं होतं.

झाकणावर सव्वा पान आणि माणसांवर दीड ओळ म्हटल्यावर मी खोदायला बसलो. पुढचं सगळं त्या खोदकामातून आलं. नावं दिलेली नाहीत, फ्लॅटचा नंबर बदलला आहे, आणि माझ्या पाहण्यातल्या अशाच आणखी एका प्रकरणातले दोन-तीन तपशील इथे मिसळले आहेत, म्हणजे कोणी ही इमारत शोधत फिरू नये. कायद्याच्या बाजू आणि तारखांची साखळी मात्र जशीच्या तशी आहे.

इसार ते एनओसी

302 चे मालक निवृत्त गृहस्थ, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आयुष्य काढलेले. मुलगा पुण्यात, बायपास झालेली, एकटं राहवेना. जून 2023 मध्ये त्यांनी फ्लॅट विकायला काढला. एजंटने जोडपं आणलं. नवरा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बायको इगतपुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेच्या सवयीने सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, मीही तेच म्हणतो. मूळचे मालेगावचे, मुसलमान. सहा वर्षं नाशिकमधल्याच वडाळ्याकडे भाड्याने राहत होते. पाथर्डी फाटा त्यांना का हवा, हे नाशिककराला सांगायची गरज नाही: अंबड दहा मिनिटांवर आणि इगतपुरीकडे जायला मुंबई हायवे दारात.

सौदा 41 लाखांना ठरला, एक लाख इसार दिला. खरेदी एकट्या बाईंच्या नावावर करायची ठरली. कारण अगदी व्यवहारी होतं. फक्त महिलांच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे सरळ 41 हजार वाचतात. या निर्णयाचा पुढे वेगळाच उपयोग झाला. अर्जदार जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे म्हटल्यावर ‘कोण कुठले लोक’ हा सूर समितीला फार ताणता आला नाही.

बँकेने नेहमीचा कागद मागितला, सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला. 302 चे मालक, म्हणजे सगळ्यांचे ‘काका’, ती आणायला सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी वयाने मुलासारखा, विमा व्यवसायातला, वागायला अदबशीर. म्हणाला, “काका, तुम्ही चाललात पुण्याला. आम्हाला इथेच राहायचंय. जरा विचार करा ना.”

नकार तो एवढाच. पुढच्या चौदा महिन्यांत यापेक्षा स्पष्ट वाक्य कोणी उच्चारलं नाही.

काकांना फोन सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी, भिशीतल्या एक आजी, पार्किंगवरून ज्यांच्याशी दहा वर्षं अबोला होता ते गृहस्थसुद्धा. सगळ्यांचं बोलणं एकाच वळणाचं: “मला काही नाही हो, पण बाकीच्यांना...” मी नंतर समितीतल्या सात जणांशी वेगवेगळं बोललो. सातही जण म्हणाले, आमची हरकत नव्हती, दुसऱ्यांची होती. त्या सात जणांत ‘दुसरे’ कोण, हे मला आजवर सापडलेलं नाही. सेक्रेटरीने तेवढं एक कारण मोकळेपणाने सांगितलं. भाव पडेल, अशी त्याला भीती होती. हप्ते फेडणाऱ्या माणसाची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण मग ती वहीत लिहायला हवी होती.

दारोदार

एनओसी अडली म्हटल्यावर काकांनी, आपण सगळेच ठोठावतो ती दारं ठोठावली. त्या क्रमातून स्थानिक कारभाराचा नकाशा चांगला दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं दार माजी नगरसेवकाचं. ‘माजी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. नाशिक महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रभाग समित्याही त्यामुळे ओस. एरवी नगरसेवक अशा वेळी काय करतो? कायद्याने त्याला काहीच अधिकार नाही, पण चहा मागवतो, सेक्रेटरीला बोलावून घेतो, “अरे बाबा, नको लफडं” म्हणतो आणि कधीकधी तेवढ्यानेही काम होतं. या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाणी, गटार, लाइट सांगा. सोसायटीचं आतलं मी कसं बोलू? पुढे निवडणूक आहे.” निवडणुकीची तारीख तेव्हा कोणाच्याच नजरेत नव्हती. तरीही ती आड आलीच.

दुसरं दार महापालिकेच्या विभागीय कार्यालयाचं. शहराचे सहा विभाग आहेत, आणि प्रत्येकात घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू, अतिक्रमण अशी टेबलं. कोणी कोणाला घर का नाकारलं हे विचारणारं टेबल एकाही विभागात नाही, आणि महापालिका अधिनियमात तसं ठेवलेलंही नाही. कारकुनाने काकांना बरोबरच सांगितलं की खरेदीखत झालं की घरपट्टीवर नाव लावून देऊ, त्याआधी आमचा संबंध नाही. मुंबई महापालिकेत 2014 साली मांसाहारी ग्राहकांना घर नाकारणाऱ्या बिल्डरांच्या परवानग्या अडवा, अशी सूचना आली होती आणि बरीच गाजली होती. ती गाजली, कारण नकार मराठी माणसाला मिळत होता. तो मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरं दार पोलीस ठाण्याचं. काकांची तक्रार करायची इच्छा नव्हती, त्यांना फक्त कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. ठाण्यातल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, हे दिवाणी आहे. खरं तर दिवाणीही नव्हतं, सहकाराचं होतं. पण साहेबांनी एक वाट दाखवली: गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक आहे, तिथे दोन्ही समाजाची ज्येष्ठ मंडळी असतात, तिथे बोला.

त्या वर्षीची ती बैठक साधी नव्हती. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली होती. राज्यभर मुस्लिम मंडळींनी ठिकठिकाणी जुलूस एक दिवस पुढे नेला आणि त्यासाठी 29 तारखेला सुट्टी दिली गेली. म्हणजे समाजासमाजातलं सामंजस्य कसं घडवायचं हे आपल्या यंत्रणेला येत नाही असं नव्हे. मार्ग कोणता, वेळ काय, ढोल कुठे थांबणार, मशिदीसमोर गुलाल उधळायचा की नाही, हे सगळं अशा बैठकांत तास-दीड तासात सुटतं. काकांनी चहाच्या वेळी एका सदस्यांना 302 बद्दल सांगितलं. ते म्हणाले, “काका, तो विषय इथला नाही.”

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. शांतता समिती, मोहल्ला समिती या रचना दंगलींच्या अनुभवातून आल्या. भिवंडीत ऐंशीच्या दशकात, मुंबईत 1992-93 नंतर. त्यांचं काम रस्त्यावरची ठिणगी विझवणं. जिन्यातला, लिफ्टमधला, इतिवृत्तातला नकार त्यांच्या कक्षेत येत नाही, कारण त्यातून धूर निघत नाही. ग्रामीण भागासाठी 2007 पासून तंटामुक्त गाव योजना आली. तिथे निदान जमिनीच्या बांधाचा वाद पारावर बसून मिटवायची सोय झाली. शहराला तसं काही मिळालं नाही. वर्षातून दोनदा दोन्ही समाज एका टेबलाला बसतात आणि फक्त मिरवणुकीबद्दल बोलतात. उरलेले 363 दिवस ते शेजारी राहणार की नाहीत, हा प्रश्न कोणत्याच टेबलावर येत नाही.

आणि अनंत चतुर्दशीच्या त्याच आठवड्यात मुलुंडची घटना झाली. कार्यालयासाठी जागा बघायला गेलेल्या एका मराठी महिलेला महाराष्ट्रीय लोकांना इथे जागा देत नाही असं सुनावलं गेलं, तिने त्याचं चित्रण प्रसारित केलं आणि राज्य पेटून उठलं. पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती क्लिप तीन जणांनी टाकली होती. त्यावरचा संताप मी वाचला, अगदी मनापासूनचा होता. त्यातला सर्वांत जळजळीत संदेश ज्यांचा होता, त्यांनीच काकांना महिन्याभरापूर्वी फोन करून “बाकीच्यांना...” म्हटलं होतं. मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. दोन गोष्टी एकमेकांच्या शेजारी ठेवून बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

जे टेबल सापडलं

चौथं दार उपनिबंधक, सहकारी संस्था यांचं. तिथे जायला काकांना कोणी सांगितलं नाही. बाईंनीच सांगितलं. शिक्षकांची पतसंस्था, तिच्या निवडणुका, तिचे वाद यामुळे प्राथमिक शिक्षकाला सहकार खातं चांगलं कळतं.

या टेबलावर धर्म, जात, खाणंपिणं असले शब्द चालत नाहीत. चालतात ते उपविधी (सोसायटीचे नोंदणीकृत नियम), मुदत, पोच आणि ‘पुरेसं कारण’. ऐकायला रुक्ष, पण बाईंना घर मिळालं ते याच शब्दांमुळे.

सोसायट्यांसाठी नमुना म्हणून ठरवलेल्या आदर्श उपविधींत 38 क्रमांकाची तरतूद आहे. फ्लॅट विकणाऱ्या सभासदाने सोसायटीला 15 दिवसांची आगाऊ नोटीस द्यायची, सोबत घेणाऱ्याची संमती. हस्तांतरणासाठी सोसायटीची एनओसी लागत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. कोणी मागितलीच, तर समितीने महिन्याभरात गुणवत्तेवर निर्णय घ्यायचा. नाशिकमधल्या निम्म्याअधिक समित्यांना ही ओळ ठाऊक नसावी, असा माझा अंदाज. उरलेल्यांना ती ठाऊक आहे आणि सभासदांना ठाऊक नाही हेही ठाऊक आहे. या सोसायटीने 2016 च्या वार्षिक सभेत ठराव केला होता की फ्लॅट विकण्यापूर्वी समितीची परवानगी घ्यावी. सेक्रेटरी तोच ठराव सगळ्यांना दाखवत होता. पण उपविधीच्या विरुद्ध ठरावाला किंमत नसते. उपविधी बदलायचा तर कलम 13 प्रमाणे निबंधकाकडे दुरुस्ती नोंदवावी लागते, आणि नोंदणीपर्यंत ती दुरुस्ती अस्तित्वातच नसते. सात वर्षं एक हवेतला नियम 48 कुटुंबांनी पाळला.

ऑक्टोबर 2023 मध्ये उपनिबंधक कार्यालयाने सोसायटीला पत्र पाठवलं. चार ओळींचं, उपविधी 38 कडे लक्ष वेधणारं. सोसायटीने उत्तर दिलं नाही. पण ते पत्र आणि 15 दिवसांच्या नोटिशीची पोस्टाची पावती बघून बँकेच्या वकिलाने एनओसीचा आग्रह सोडला. डिसेंबरमध्ये खरेदीखत झालं. काका पुण्याला गेले. जानेवारी 2024 मध्ये टेम्पो आला, सामान वर गेलं. कोणी अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही.

घर मिळालं, सभासदत्व बाकी होतं. त्याशिवाय भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव नाही, सभेत मत नाही, पार्किंगची मागणी नाही. बाई प्रवेश शुल्क आणि हस्तांतरण शुल्काचा चेक लावून अर्ज द्यायला गेल्या. ऑफिस बंद. पुन्हा गेल्या, सेक्रेटरी बाहेरगावी. तिसऱ्यांदा वॉचमन म्हणाला, “ताई, घेऊ नका असं सांगितलंय. माझी नोकरी आहे.” रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, तर ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन पाकीट परत.

समितीला वाटत होतं, अर्ज घेतलाच नाही तर मुदत कशी सुरू होईल? अर्ज घेतल्यावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद मानला जातो, हे कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. सांगणाऱ्याने पुढचं वाचलं नव्हतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 23 मध्ये नेमक्या याच युक्तीचा बंदोबस्त आहे. सोसायटी अर्ज किंवा पैसे घेत नसेल, तर अर्जदाराने ते निबंधकाकडे द्यायचे. निबंधकाने 30 दिवसांत ते सोसायटीकडे पाठवायचे. सोसायटीने 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार आपोआप सभासद. हे पोटकलम ज्याने लिहिलं, त्याने बंद ऑफिसं, बाहेरगावी गेलेले सेक्रेटरी आणि बिचारे वॉचमन आयुष्यभर बघितले असणार.

फेब्रुवारीत अर्ज उपनिबंधकांकडे गेला. 30 दिवसांचे 40 झाले, कारण लोकसभेची तयारी सुरू झाली होती आणि निम्मा कर्मचारी वर्ग निवडणुकीच्या कामाला जुंपला होता. सोसायटीने 60 पैकी 57 दिवस काहीच केलं नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी उत्तर आलं. नाशिकचं मतदान 20 मेला होतं, त्याच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. त्यांनी वकील केला होता हे भाषेवरूनच कळत होतं. कारणं तीन: आगाऊ नोटीस मिळाली नाही, पार्किंग उपलब्ध नाही, आणि ‘इतर सभासदांच्या भावना विचारात घेता’.

हे उत्तर आलं आणि माझ्या मते प्रकरण तिथेच निकालात निघालं. तोपर्यंत नकार फोनवर होता, जिन्यात होता, “जरा विचार करा ना” मध्ये होता. आता तो लेटरहेडवर होता, जावक क्रमांकासह. जिन्यात कुजबुजलेल्या नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. जावक क्रमांकाविरुद्ध येतं.

सुनावणी

कलम 23 म्हणतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही, आणि नाकारलं तर दोन महिन्यांत निबंधकाकडे अपील. बाईंनी जूनमध्ये अपील केलं. दोन तारखा पडल्या. दोन्ही वेळा बाईंनी अर्धी रजा टाकली, आणि मुख्याध्यापकांनी दुसऱ्या वेळी कुरकुर केली, हेही खर्चातच धरायला हवं.

सोसायटीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल पुढे केला. अहमदाबादेतल्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या त्या प्रकरणात न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता. राज्यघटनेचा भेदभावबंदीचा अनुच्छेद 15 शासनावर बंधनकारक आहे, खासगी मंडळींनी एकत्र येऊन केलेल्या संस्थेवर नाही, आणि संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्यात आपल्यात कोणाला घ्यायचं हे ठरवणंही येतं, असा त्याचा सारांश. कायद्याच्या वर्तुळात या निकालावर पुष्कळ टीका झाली, मलाही तो पटत नाही, पण तो आहे.

अधिकाऱ्यांनी वाद घातला नाही. नोंदणीकृत उपविधींची प्रत मागितली आणि विचारलं, यात तसा उपविधी दाखवा. नव्हता. मग अर्जावर विचार झालेल्या सभांची इतिवृत्तं मागितली. वही उघडली गेली. विषय क्रमांक सहा, चर्चा झाली, पुढील सभेत ठेवावा. चार वेळा. नोटीस मिळाली नाही म्हणता, तर पोस्टाची पोच ही. पार्किंग म्हणता, तर जुन्या मालकाची जागा होती तीच. राहिल्या भावना. त्या कोणाच्या, किती जणांच्या, कोणत्या सभेत मांडल्या गेल्या, याचा एकही कागद नाही. झाकणावर सव्वा पान लिहिणाऱ्या सोसायटीला स्वतःच्या बचावासाठी एक ओळ सापडेना.

ऑगस्टअखेर आदेश आला. दोन पानं. अपील मंजूर, अर्जदाराला सभासद करून घ्यावं, भागपत्रावर नोंद करावी. मी तो आदेश तीनदा वाचला. त्यात ‘धर्म’ हा शब्द नाही. ‘मुस्लिम’ नाही. ‘भेदभाव’ नाही. मुदत, पोच, उपविधी आणि पुरेशा कारणाचा अभाव एवढंच आहे. बाईंना घर पूर्णपणे मिळालं आणि त्यांच्या बाबतीत काय घडलं हे सरकारदरबारी कुठेच नोंदवलं गेलं नाही.

टेबलांच्या मधल्या जागा

अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी हातात होतं ते वापरलं. जे हातात नाही ते जास्त आहे.

बाईंचं प्रकरण उभं राहिलं, कारण त्या विकत घेत होत्या. त्याआधीच्या सहा वर्षांत भाड्याच्या घरासाठी इंदिरानगरात आणि अशोका मार्गाकडे त्यांना किती नकार मिळाले, ते त्यांनी मोजणं सोडलं होतं. एजंट सांगायचा, “ताई, आधी नाव नका सांगू, घर बघून घ्या.” भाडेकरूला कलम 23 नाही. उपविधींप्रमाणे मालकाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आठ दिवस आधी फक्त कळवायचं असतं, परवानगी लागत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलं जाणारं बिनभोगवटा शुल्कही सोसायटीने सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घ्यायचं नाही, हा शासन निर्णय 2001 चा. पण हे सगळे मालकाचे हक्क. मालकच फोनवर “सोसायटीत चालत नाही हो” म्हणाला, तर भाडेकरूने कोणत्या टेबलावर जायचं? असं टेबलच नाही. पोलीस भाडेकरूची माहिती घेतात, दुय्यम निबंधक करारनामा नोंदवतो, भाडे नियंत्रण कायदा घरात शिरल्यानंतरचं बघतो. घरात शिरण्याआधीचा माणूस कोणाच्याच नोंदवहीत नाही.

याच जागी एखादं दलित कुटुंब असतं, तर हत्यारं अधिक धारदार होती. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 चा. कोणत्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं त्यात गुन्हा आहे. शिवाय अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण हत्यार हातात येण्यासाठी कारण उच्चारलं जायला लागतं, आणि नाशिकमध्ये कारण कधी उच्चारत नाहीत, आडनाव विचारतात. आडनाव ऐकल्यावर फ्लॅट ‘कालच गेलेला’ असतो.

सामाजिक बहिष्काराचा कायदाही आठवतो, विशेषतः नाशिककरांना. 2013 मध्ये इथल्याच एका मुलीच्या खुनानंतर जातपंचायतींविरुद्धची मोहीम उभी राहिली आणि त्या रेट्यातून राज्याने 2016 चा कायदा केला, देशातला आपल्या प्रकारचा पहिला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तो आपल्याच समाजाने आपल्या माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे. ज्याला कधी आत घेतलंच नाही, त्याला वाळीत कसं टाकणार? बाईंना तो लागू झाला नसता.

तुलनेसाठी सिडकोकडे बघतो. नवीन नाशिकच्या सहा योजनांत घरं सिडकोने बांधली आणि भाडेपट्ट्याने दिली. तिथलं घर विकायचं तर परवानगी सिडकोच्या कार्यालयाची लागायची आणि शुल्क ठरलेलं असायचं. शेजाऱ्यांना विचारायचं नाही. कार्यालयातल्या माणसाला तुमच्या स्वयंपाकघरात रस नसतो. तिथल्या गल्ल्यांत एका रांगेत किती तऱ्हेची आडनावं दिसतात ते बघावं, आणि मग फाट्यावरच्या नव्या टॉवरच्या लॉबीतला नावांचा फलक वाचावा. सिडकोचा कारभार फार चांगला होता असं मी म्हणणार नाही, हस्तांतरणाच्या खेपा घालून लोक मेटाकुटीला आलेले मी पाहिलेत. पण तिथे फाटकावर समिती बसलेली नव्हती, एवढं खरं.

सहकार खात्याने करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. समिती सदस्यांचं प्रशिक्षण कायद्यातच आहे. तिथे आम्ही त्यांना टीडीएस शिकवतो, निवडणूक शिकवतो, सिंकिंग फंड शिकवतो. उपविधी 38 वर पाच मिनिटं देतो, तीही हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट विकताना सोसायटी घेते तो प्रीमियम, 25 हजारांवर घेऊ नका एवढं सांगायला. मीही अशा वर्गांत बोलतो, म्हणून हे माप माझ्याही पदरात आहे.

302 चं पुढे

आदेशानंतर समितीने अपील पुढे नेलं नाही. सप्टेंबरच्या सभेत विषय क्रमांक सहा पुन्हा होता आणि या वेळी इतिवृत्त चक्क नीट लिहिलं होतं, सूचक-अनुमोदकासह. सभासद नोंदवहीत, म्हणजे आमच्या भाषेत आय नमुन्यात, बाईंचं नाव चढलं. लॉबीतल्या फलकावर मात्र आणखी पाच महिने काकांचंच नाव होतं. पेंटर मिळत नाही, असं कारण. गणपतीची वर्गणी बाईंनी 501 रुपये दिली होती. पावती मी बघितली, नावाच्या जागी ‘फ्लॅट 302’ लिहिलेलं. शेजारच्या 301 मधल्या आजी आता त्यांच्याकडून फोनवर पेन्शनचा हयातीचा दाखला भरून घेतात. जवळीक म्हणा, गरज म्हणा.

माझ्या लेखापरीक्षण अहवालात मी दोन शेरे मारले. एक, इतिवृत्तात चर्चेचा सारांश लिहावा. दोन, सोसायटीने स्वतः छापलेल्या भाडेकरू माहिती अर्जात ‘धर्म’, ‘आहार’ आणि ‘मूळ गाव’ असे तीन रकाने आहेत, त्यांना उपविधीत आधार नाही, ते काढावेत. लेखापरीक्षणानंतर सोसायटीला दोष दुरुस्तीचा अहवाल द्यावा लागतो, त्याला ओ नमुना म्हणतात. तो वेळेत आला. दुसऱ्या शेऱ्यासमोर लिहिलं होतं, ‘दुरुस्ती केली.’ सोबत नवा छापील अर्ज जोडला होता. ‘धर्म’ गेलेला, ‘आहार’ गेलेला. ‘मूळ गाव’ तसाच आहे.